ठरावातलं इंजिन

आमच्या उपसा सिंचन सोसायटीत एक इंजिन कसं बांधायचं हे हात वर करून ठरलं, असं मी सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, गडी थट्टा करतोय. थट्टा नाही. त्या मीटिंगला मी होतो आणि इंजिन बांधायचं कामही माझ्याच गळ्यात होतं.

गाव आमचं तलवाड्याकडून माजलगावला येताना, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. सोसायटीची विहीर काठालाच बांधलेली. फुगवट्याचं पाणी चारीतून तीत यायचं आणि मोटारी ते वर शेतात फेकायच्या. त्या वर्षी सलग दुसरा पावसाळा कोरडा चालला होता. पाणी मागं सरकलं, चारी उघडी पडली आणि विहिरीच्या तळाशी बेडूक दिसायला लागले. वीज यायची, मोटार फिरायची, पण नुसती हवा ओढायची. वर शेतात माझी दीड एकर मोसंबी उभी होती.

त्या मोसंबीचं महत्त्व सांगायचं तर ऊसतोडीचं सांगावं लागेल. मी आणि माझी बायको बरीच वर्षं ऊसतोडीला गेलो. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. एका हंगामात तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. नंतर हातातून भाकरी गळायला लागली. अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरला आणि सांगितलं, मानेचा मणका झिजलाय, हिनं डोक्यावर वजन घ्यायचं नाही. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, कायमचं. घागरसुद्धा नाही.

तिथून आलो आणि सोसायटीच्या पाण्याच्या भरवशावर मोसंबी लावली. घरचं पिण्याचं पाणी मी मोटारसायकलला कॅन बांधून आणायला लागलो, त्यावरून गावानं मला बायकोचा बैल म्हणून घेतलं. म्हणोत बापडे. बाग फळायला लागली आणि आम्ही कोयता सोडला. बाग जगली तर कोयता नाही, बाग गेली की दसऱ्यानंतर पुन्हा ट्रक आणि पुन्हा तिच्या डोक्यावर मोळी, इतकं ते सरळ होतं. त्या पावसाळ्यात ऊसतोडीचा मुकादम गावात फिरायला लागला तेव्हा मी त्याला दारात उभं केलं नाही.

आता इंजिनाचं. सोसायटी नवीन होती तेव्हा एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून एक जुनं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आणलेलं होतं. सगळं बिडाचं, ओतीव लोखंडाचं, काळं, आणि हलवायला अर्धं गाव लागेल असं. वीज आली तसं ते शेडच्या कोपऱ्यात गेलं आणि कोंबड्या त्याच्यावर बसायला लागल्या. ऊसतोडीच्या आधी मी बीडला ट्रकच्या गॅरेजात काम केलं होतं, त्यामुळं ते इंजिन पाहिलं की माझे हात शिवशिवायचे. मीच चेअरमनला म्हणालो की हे इंजिन ट्रॉलीवर चढवू, पाण्याच्या काठाला नेऊ आणि तिथून विहिरीत पाणी फेकू. विहिरीतून वर नेणं मग जमलं असतं.

चेअरमन म्हणजे मिशीला पीळ देत देत निर्णय पुढं ढकलणारा माणूस, वाईट नव्हता. तो म्हणाला, कर तू अंदाज. मी काठावर गेलो, पाण्याच्या कडेला काटकी रोवली, तिथून विहिरीपर्यंतचं अंतर आणि चढ काढला. साधं ओव्हरहॉल करून, सिलिंडर थोडे मोठे करून भागत होतं. हे सोसायटीपुढं मांडायला मीटिंग लागणार होती. कोरम भरला नाही म्हणून ती तहकूब झाली आणि पुढची भरली तोवर माझी काटकी कोरड्या भेगांत उभी होती. पाणी तिच्यापासून लांब, आणखी खाली गेलेलं होतं. आता इंजिनाला जास्त चढ होता, म्हणजे जास्त ताकद हवी होती.

मग मी दुसरा आराखडा केला. त्याच कंपनीचं एक थोरलं इंजिन यायचं, त्याचा क्रँक, म्हणजे पिस्टनला वरखाली करणारा वाकडा दांडा, आमच्या इंजिनात बसतो हे मला गॅरेजातल्या दिवसांपासून माहीत होतं. त्या क्रँकचा फेरा मोठा. फेरा मोठा म्हणजे पिस्टन जास्त खाली जातो, जास्त हवा ओढतो, जास्त जोर देतो. ब्लॉक तोच, ताकद वाढीव. माजलगावच्या लेथवाल्याशी बोललो. त्यानं कनेक्टिंग रॉड कुठं घासतील ते खडूनं फरशीवर काढून दाखवलं आणि ब्लॉक आतून तेवढा खरडावा लागेल म्हणाला. मी खूष होऊन घरी आलो. बायकोला भाकरीच्या पिठात बोटानं काढून दाखवलं. तिनं पीठ सारखं केलं आणि विचारलं, कधी व्हईल?

असा क्रँक होता एकाच माणसाकडं. तो विरोधी पॅनलचा पुढारी, त्याच्या बंद खडीक्रशरवर तसलं थोरलं इंजिन फुटून पडलेलं होतं. त्यानं क्रँक द्यायचं कबूल केलं, आणि तिथंच घोळ सुरू झाला. विरोधकाच्या क्रँकवर सोसायटीचं पाणी चढणार, म्हणजे पुढच्या निवडणुकीत काय बोललं जाईल ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. चेअरमनच्या भावकीनं मग शोध लावला की त्यांच्या भंगारातल्या ट्रकला टर्बो आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. बाहेर जाणारा धूर एका बाजूनं पंखा फिरवतो आणि दुसऱ्या बाजूचा पंखा इंजिनात हवा कोंबतो. त्यांचं म्हणणं, क्रँक कशाला, जुन्या क्रँकवर टर्बो बसवा.

तोवर पाणी आणखी खाली गेलेलं होतं. खरं सांगायचं तर आता एकानं भागणारच नव्हतं. मी मारुतीच्या पारावर उभा राहून सांगितलं की दोन्ही लागतील, मोठा फेराही आणि टर्बोही. दोन्ही पॅनलनी टाळ्या वाजवल्या. सोसायटीच्या जन्मापासून दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजलेली ती एकच मीटिंग असावी. मला क्षणभर वाटलं, सुटलो.

पण फेरा वाढला की पिस्टन वर येताना हवा जास्त दाबतो, आणि टर्बो तर आधीच दाबलेली हवा देतो. दोन्ही एकत्र केलं तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उडेल. म्हणून पिस्टनच्या माथ्यावरचा खड्डा लेथवर खोल करून दाब उतरवावा लागणार होता. मी चौदा म्हणत होतो, म्हणजे चौदा भाग हवा दाबून एक भाग करायची. एवढं मी बोललो आणि बसलो, ती माझी चूक. कारण खड्डा खोल केला की टर्बोला मोकळं रान मिळतं, आणि तेवढ्यावरून क्रँकवाल्यांना वाटलं की त्यांच्या क्रँकचा जोर मारून टर्बोचं कौतुक चाललंय. त्यांनी अठराचा आग्रह धरला. जुन्या इंजिनाला कंपनीनं दिलेला आकडा अठराच होता, मग तो कमी करणारे तुम्ही कोण? चेअरमनच्या भावकीला चौदा लगेच प्रिय झाला.

पुढाऱ्यानं मला बाजूला घेतलं. "कावून रे मिस्तरी, तू त्यांचा का आमचा? अठरावर काय पाप लागतंय बे?"

मी म्हणालो, पाप नाही लागत, हेड उडतं. तो हसला. मग एकानं ठराव मांडला, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, हात वर झाले. अठराला जितके, चौदाला तितकेच. चेअरमननं मिशीला पीळ दिला आणि दोन्ही बाजूंचं मन राखत सोळा करून टाकलं. एकमतानं मंजूर. लोखंडाला मन राखणं कळत नाही, हे मी ओरडून सांगितलं तर लोक म्हणाले, मिस्तरी लई तापट हाय.

सोळावर ते इंजिन चाललं असतं का? टर्बोची हवा कमी ठेवली असती तर कदाचित. मला ते आजही सांगता येत नाही, आणि तेव्हाही येत नव्हतं. म्हणून मी वेळ मागितला. लेथवाल्याला पिस्टन नीट करू द्या, हेडची पॅकिंग जाड लावून बघू द्या, घाईत एवढं मोठं इंजिन फोडू नका. कुणीतरी म्हणालं की तोवर बागा जातील. तेव्हा मी छाती काढून म्हणालो, माझी बघा, माझी अजून हिरवी आहे, अजून दम धरेल. पुढच्या मीटिंगलाही हेच बोललो. दर वेळी माझी मोसंबी माझ्या बाजूनं साक्षीला उभी राहायची.

ती हिरवी कशी होती ते मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. बायकोनं प्रत्येक झाडाच्या बुंध्याला एक मटकं पुरलं होतं, बुडाला भोक, भोकात चिंधीची वात. मटकं भरलं की पाणी थेंबथेंब मुळाशी झिरपत राहायचं. पाणी आणायचा तिचा भाऊ, शेजारच्या वस्तीवर राहणारा. बैलगाडीवर टिपाड ठेवून तो फुगवट्यातून भरून आणायचा आणि ती तांब्यानं मटकी भरायची. तांब्या उचलायला डॉक्टरांची मनाई नव्हती. मी सकाळी उठून कधी माजलगावला लेथवर, कधी काठावर माप घ्यायला, कधी कुणाच्या दारात क्रँकसाठी नाहीतर टर्बोसाठी. जाता-येता बांधावरून पाहायचो, पानं हिरवी, बरं वाटायचं.

मग ज्या दिवशी पिस्टन लेथवर चढणार होते, त्या दिवशी मी दुपारी काठावर गेलो. एरवी मी सकाळी जायचो. इंजिनाची ट्रॉली कुठं उभी करायची ती जागा नक्की करायची होती. धरणाचा तळ भेगाळलेला, त्यातून चालताना पाय मुरगाळतो. पाणी आता डबक्यांत उरलं होतं आणि तिथून बायकांची रांग वर येत होती, हंडे घेऊन. पिण्यासाठी नेत असतील म्हणून मी बाजूला झालो. रांगेत शेवटाकडं एक बाई मान जराही न हलवता चालत होती, सगळं अंग वळवून इकडं तिकडं बघत होती. तिच्या डोक्यावरच्या चुंबळीला ग्रीसचे डाग होते. ती चुंबळ माझ्या गॅरेजातल्या जुन्या शर्टाची होती.

डोक्यावर हंडा, कमरेवर घागर. मला पाहून ती थांबली नाही. थांबलं तर पुन्हा चालायला जड जातं, हे ओझं वाहणाऱ्याला माहीत असतं. मी तिच्या बरोबरीनं चालायला लागलो आणि विचारलं की गाडी कुठं आहे.

"बैलं चारा छावणीत नेली भावानं. लई दिस झालं."

"मग मला सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी इंजन सोडून हंडे वाहत बसला असता," ती म्हणाली. "इंजन व्हईस्तोवर झाडं जगवायची व्हती. तुमीच म्हणत व्हते न्हाई का, घाई करून बिघडवायचं न्हाई म्हणून."

मी हंडा घ्यायला हात वर केला तर ती एकदम मागं झाली, पाणी सांडेल म्हणून. मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला त्या बायकांचा राग आला, तिच्या भावाचा आला, बैलांचाही आला. माझा तर इतका आला की डोळ्यांपुढं काही दिसेना. एवढे दिवस पारावर उभं राहून मी ज्या हिरव्या पानांची शपथ घेत होतो, ती पानं तिच्या मानेवर उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी लेथवर जायचं बंद केलं. त्या भेगांतून मोटारसायकल जात नव्हती, म्हणून कावड केली, खांद्यावर घेतली आणि पाणी वाहिलं. लोक म्हणाले, मिस्तरी रुसला. रुसलो नव्हतो, वेळ नव्हता. पण दीड एकराची झाडं एका कावडीत भागत नाहीत आणि पाणी तर रोज लांब जात होतं. मी एका खेपेला गेलो की ती मागल्या वाटेनं हंडा घेऊन निघायची. एकदा मी परत येताना तिला चढावर बसलेली पाहिली. हंडा लवंडलेला होता आणि ती उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक सरळ करत होती. मी पोचायच्या आत तिनं हात पदराखाली घेतला.

मी विनवलं, ओरडलो, तिच्या भावाला बोलावून तिला समजवायला लावलं. ती हो म्हणायची आणि जायची. झाडं उभी आहेत तोवर ती जाणार, हे मला कळलं. तिलाही कोयत्याची भीती होतीच ना, माझ्यापेक्षा जास्त होती, फळीवर तीच चढलेली होती. झाडं जगवायला गेलं तरी तिची मान जाणार, झाडं मेली तरी तिची मान जाणार. या गाठीचं टोक मला कुठंच सापडेना.

एका संध्याकाळी मी कुदळ घेतली आणि पहिल्या ओळीपासून मटकी फोडत गेलो. ओली माती, वाती, खापऱ्या. ती धावत आली. आधी शिव्या दिल्या, लग्न झाल्यापासून तिनं मला कधी दिल्या नव्हत्या तशा. मग माझ्या पुढच्या झाडाशी जाऊन बसली.

"येक वळ तरी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "येका वळीला कितीसं पाणी लागतंय?"

एक ओळ ठेवली असती तर तिनं एका ओळीसाठी हंडा उचलला असता. मी तिला बाजूला केलं आणि तेही मटकं फोडलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. कुदळ टाकली तेव्हा मला मोठ्यानं रडू आलं, आणि ते बांधावरून जाणाऱ्या दोघातिघांनी पाहिलं.

पिस्टन सोळाचे झाले, असं मला लेथवाल्याकडून कळलं. इंजिन मात्र शेडमधून हललं नाही. उरलेलं पाणी पिण्यासाठी राखून उपसा बंद करायचा आदेश तहसीलीतून आला. कुणाला आश्चर्य वाटलं नाही, उलट दोन्ही पॅनलना सुटल्यासारखं झालं असावं. पुढाऱ्याची माणसं येऊन क्रँक घेऊन गेली, चेअरमनची भावकी टर्बो घेऊन गेली. तोवर माझी मोसंबी पानांनी नाही, फांद्यांनी ओळखावी लागत होती.

मुकादम दसऱ्याच्या आधी आला, तेव्हा मी त्याला दारात बसवलं आणि एकट्याचं बोललो. एकट्या माणसाला तिथं अर्धा कोयता म्हणतात, दुसऱ्या कुठल्या अर्ध्याबरोबर त्याची जोडी लावतात. त्यानं घरात डोकावून विचारलं की बाई धडधाकट दिसते, मग अर्धा कशापायी? मी त्याला काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. मी अर्धा कोयता म्हणून गेलो, आणि पुढंही काही हंगाम तसाच गेलो. फळीवर मोळी मीच चढवली. तिला मी उसाच्या फडात पुन्हा पाऊल ठेवू दिलं नाही, एवढं मी पाळलं.

पहिल्या हंगामाहून परतलो तेव्हा तिला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टर तेच होते. फोटो पाहून ते चिडले, आधीपेक्षा वाईट आहे म्हणाले, आणि मला विचारलं की सांगूनसुद्धा हिला ऊसतोडीला नेलंत का. तीच म्हणाली, "न्हाई सायेब. उसाला म्या गेलेच न्हाई." डॉक्टरांना ते खरं वाटलं नाही. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मी खाली फरशीकडं.

तिच्या उजव्या हाताची बोटं आता वळत नाहीत. भाकरी डाव्या हातानं थापते, पण केस एका हातानं विंचरता येत नाहीत, म्हणून तिची वेणी मी घालतो. माझ्या हाताला नटबोल्टची सवय, सुरुवातीला ती उंबऱ्यापर्यंत जाईस्तोवर वेणी सुटायची. घट्ट घाला, असं ती रोज म्हणते. मी हो म्हणतो आणि तिच्या मानेला ओढ बसू नये म्हणून सैलच घालतो.